पिवळ्या कार्डाची गोष्ट

केनियाला जायचं ठरलं की सगळ्यात आधी एक शीट तयार होते. आम्ही चौघंही आयटीतले, त्यामुळे शीटला रंग, फिल्टर, 'ओनर', 'ड्यू डेट' वगैरे सगळा थाट. दुर्बीण कोण आणणार. निळे-काळे कपडे नकोत, कारण त्से-त्से माशीला ते रंग फार आवडतात. चिवडा-लाडू डब्यात भरायचे, कारण केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. ओळी पटापट हिरव्या होत गेल्या. एकच ओळ हट्टाने लाल राहिली: 'यलो फीव्हरची लस आणि पिवळं कार्ड'.

कारण कटकट. ही लस कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे मिळत नाही. सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. म्हणजे अपॉइंटमेंट मिळवा, रजा टाका, रांगेत उभे राहा. बरं, आदल्या दिवशी घेऊन चालत नाही, कार्ड लागू व्हायला लस घेतल्यापासून दहा दिवस जावे लागतात. आणि गंमत म्हणजे भारतातून थेट येणाऱ्या माणसाकडे हे कार्ड असावं असा केनियाचा फारसा आग्रह नसतो. आग्रह आहे तो आपल्याच सरकारचा, परत येताना! कार्ड नसेल तर विमानतळावरून घरी नाही, थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत.

"आपल्याकडे हा रोगच नाही ना? मग आपल्यालाच एवढी भीती कसली?" आमच्यातल्या एकाचा सवाल. आणि मग जरा आवाज खाली आणून, "एक एजंट आहे म्हणे. तो कार्ड मॅनेज करून देतो. टोचून न घेता."

मॅनेजचं नंतर बघू. पण पहिला सवाल बिनतोड होता. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र अट सापडते बघा. वर कॉमेंट नाही, लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला, आणि ती काढून टाकायची कुणाची हिंमत होत नाही. अशा अटीमागे बहुतेक वेळा रात्री दोन वाजता कोसळलेली एखादी सिस्टीम असते. इथेही तसंच काहीतरी असणार म्हणून दोन वीकएंड वाचत बसलो. तर मंडळी, काय काय कोसळलं होतं ते ऐका.

यलो फीव्हर म्हणजे पीतज्वर. विषाणूचा रोग. डास चावल्यापासून तीन ते सहा दिवसांत ताप भरतो. बरेच जण त्यातून बरे होतात. पण काहींना एखादा दिवस बरं वाटतं आणि मग ताप उलटतो. कावीळ होते (म्हणून 'पीत'), नाकातोंडातून रक्त येतं, रक्ताची काळी उलटी होते. असा ताप उलटलेल्यांपैकी जवळपास निम्मे दगावतात. या रोगावर नेमकं औषध आजही नाही.

मूळ घर आफ्रिका. तिथून तो गुलामांच्या जहाजांबरोबर अमेरिकेत गेला. जहाजावर पिण्याच्या पाण्याची पिंपं, पिंपांत डासांच्या अळ्या, आणि डासांना चावायला माणसं, म्हणजे रोगाची प्रवासातली सगळी सोय. पुढची अडीचशे वर्षं त्याने त्या भागात जे केलं ते एखाद्या सैन्याला जमलं नसतं. नेपोलियनने १८०१ च्या अखेरीस हैती परत घ्यायला आपल्या मेव्हण्याला, जनरल लक्लेर्कला, मोठी फौज देऊन पाठवलं. फौज तापाने संपली, १८०२ मध्ये लक्लेर्कही त्यातच गेला, आणि पुढच्याच वर्षी नेपोलियनने लुइझियानाचा अवाढव्य प्रदेश अमेरिकेला विकून टाकला. १८७८ मध्ये मेम्फिस या एका शहरात पाच हजारांच्या वर माणसं मेली. आणि हे सगळं होत असताना रोग पसरतो कशाने हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घाणेरडी हवा, रोग्याचे कपडे, अंथरूण, यावर संशय. लोक बिचारे गाद्या जाळत होते.

म्हणजे कुणालाच ठाऊक नव्हतं असंही नाही. क्युबात हवानामध्ये कार्लोस फिन्ले नावाचा एक डॉक्टर १८८१ पासून सांगत होता की हे काम डासाचं आहे. त्याने डासाची नेमकी जातही सांगितली होती, जिला आपण आज एडीस इजिप्ती म्हणतो. लोकांनी वीस वर्षं त्याला हसण्यावारी नेलं. त्यालाही प्रयोगाने ते पक्कं सिद्ध करता येत नव्हतं ही दुसरी बाजू.

मग १८९७ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले आणि डास हा विषय एकदम गंभीर झाला. १९०० साली अमेरिकन लष्कराने वॉल्टर रीडच्या हाताखाली चार डॉक्टरांची समिती हवानाला पाठवली. फिन्लेने आपल्याकडची डासांची अंडी त्यांना दिली. (वीस वर्षं हसलेल्या जगाला अंडी देणारा माणूस मला तरी मोठा वाटतो.) प्राण्यांना हा रोग होतो की नाही तेच माहीत नव्हतं, त्यामुळे प्रयोग माणसांवरच करावा लागणार होता. समितीतल्या जेम्स कॅरोलने रोग्याला चावलेला डास स्वतःला चाववून घेतला. मरता मरता वाचला. दुसरा सदस्य जेसी लझियर २५ सप्टेंबर १९०० ला मेला. वय ३४.

त्यानंतरचा प्रयोग टेस्टिंगवाल्या लोकांनी तर भिंतीवर लावावा असा आहे. दोन छोटी घरं बांधली. पहिल्या घरात रोग्यांच्या रक्ता-उलटीने माखलेल्या चादरी आणि कपडे आणून टाकले आणि दारं-खिडक्या बंद करून तीन माणसांना वीस रात्री तिथेच झोपवलं. डास एकही नाही. वासाने जीव नकोसा झाला असेल, पण ताप कुणालाही आला नाही. दुसरं घर लख्ख स्वच्छ, मधोमध तारेची जाळी. जाळीच्या एका बाजूला रोग्यांना चावलेले डास आणि एक स्वयंसेवक, दुसऱ्या बाजूला नुसती माणसं. हवा दोन्हीकडे तीच. डासांच्या बाजूचा जॉन मोरन ऐन नाताळच्या दिवशी तापाने फणफणला. जाळीपलीकडचे ठणठणीत. प्रश्न संपला. भाग घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना सोन्याच्या नाण्यांत शंभर डॉलर आणि आजारी पडल्यास आणखी शंभर असा लेखी करार होता. मोरन आणि किसिंजर या दोघांनी पैसे घेणार नाही म्हणून सांगितलं होतं.

डास मारले की रोग मरतो हे कळल्यावर विल्यम गॉर्गस या लष्करी डॉक्टरने हवानातली साठलेल्या पाण्याची भांडी शोधून शोधून झाकली, त्यांवर रॉकेल ओतलं, आणि वर्षभरात शहरातून पीतज्वर घालवला. मग त्याला पनामाला पाठवलं. तिथे आधी फ्रेंचांनी कालवा खणायचा प्रयत्न केला होता. १८८१ ते १८८९ या काळात पीतज्वर, मलेरिया आणि अपघात मिळून वीस हजारांच्या वर माणसं मेली असा अंदाज आहे. फ्रेंच दवाखान्यात तर मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे. आपल्याकडे पूर्वी फडताळाखाली ठेवत तशाच. त्या वाट्यांतच डास वाढायचे. म्हणजे पाय मोडून आलेला माणूस तापाने जायचा. गॉर्गसने तिथेही तेच केलं, आणि १९०५ च्या नोव्हेंबरनंतर पनामा शहरात पीतज्वराचा रोगी दिसला नाही. १५ ऑगस्ट १९१४ ला कालवा सुरू झाला.

आणि इथे भारत या गोष्टीत येतो.

कालव्याचं काम अमेरिका हातात घेण्याच्या बेतात होती तेव्हाच, १९०३ साली, लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सनने (हा रॉसचा गुरू) एक धोक्याची सूचना दिली होती. आशियात हा रोग कधीच आलेला नाही. पण तो वाहणारा डास मात्र आशियाभर आहे. आजवर वाट लांबची होती म्हणून वाचलो. कालवा झाला की पीतज्वराची बंदरं आणि आशियाची बंदरं यांच्यातलं अंतर एकदम कमी होणार. हे भारत सरकारने इतकं मनावर घेतलं की इंडियन मेडिकल सर्व्हिसचा एस. पी. जेम्स हा अधिकारी चौकशीसाठी थेट पनामापर्यंत जाऊन आला. भारताला पीतज्वरापासून वाचवायचं कसं, यावर त्याने १९१३ मध्ये सविस्तर लिहिलं.

हिशोब बघा. एडीस इजिप्ती म्हणजे डेंगीचा डास. तो आपल्या पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, कूलरमध्ये सुखाने राहतो. दाट वस्तीत कोट्यवधी माणसं, आणि त्यांपैकी एकाच्याही रक्तात या रोगाशी लढायची सवय नाही. आफ्रिकेत निदान काही जणांना लहानपणी होऊन गेलेला असतो, इथे शून्य. गॅस भरून ठेवलेला आहे, फक्त काडी बाहेरून यायची आहे. जहाज होतं तोवर काडी वाटेतच विझायची, कारण आजारी पडायला लागतात तीन ते सहा दिवस आणि जहाजाला त्याहून जास्त. विमान आलं आणि हे संरक्षणही गेलं. सकाळी चावून घेतलेला माणूस त्याच रात्री मुंबईत घरी, अंगात विषाणू आणि तोंडावर हसू. विलगीकरणाचे ते सहा दिवस कुठून आले हे आता कळलं असेल. आफ्रिकेतून येणाऱ्या विमानात कर्मचारी डबा घेऊन फवारत जातात तेही यासाठीच.

थोडक्यात, शीटमधल्या बाकीच्या ओळी मला वाचवण्यासाठी आहेत. ही एक ओळ इतरांना माझ्यापासून वाचवण्यासाठीही आहे. संशयित सामान म्हणजे मीच.

याचा राग येतो, मान्य. पण याच खेळात आपण एकदा दुसऱ्या बाजूलाही उभे होतो. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला आणि काही महिन्यांत अख्खं जग मुंबईला घाबरायला लागलं. १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली, विषय मुंबईचा प्लेग युरोपात येऊ द्यायचा नाही. त्या वर्षी मुंबई आणि कराचीहून हजला जाणं बंद केलं गेलं. पुण्यात घरोघरी शिरून झालेल्या तपासण्या आणि त्यातून गणेशखिंडीत झालेला रँडचा वध आपण शाळेत शिकलोच. आणि ज्या केनियाला आम्ही निघालो होतो त्याचाही इथे संबंध आहे! मोंबासाहून निघणारी युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये बांधली गेली ती मुख्यतः भारतातून नेलेल्या सुमारे ३२,००० मजुरांकडून. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तिथेच मेले. सावोच्या नरभक्षक सिंहांनी घेतलेले बळी सगळ्यांना ठाऊक असतात, पण रोगराईने घेतलेले कितीतरी जास्त. तर १८९७ च्या सुरुवातीला प्लेगमुळे कराचीहून ही मजुरांची भरतीच थांबवावी लागली होती. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी केनियाचं बंदर आपल्याकडे ज्या नजरेने बघत होतं, त्या नजरेने आज आपण तिकडे बघतो.

त्या संशयातून सुटका शेवटी लसीनेच व्हायची. हाफकिनने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. पीतज्वराच्या लसीला मात्र आणखी चाळीस वर्षं लागली, आणि अडकलं कुठे तर प्रयोगाला प्राणीच मिळेना. आफ्रिकेतल्या माकडांना हा रोग विशेष त्रास देत नव्हता, त्यांची पिढ्यान् पिढ्यांची ओळख. १९२७ साली पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घानामध्ये, असिबी नावाच्या एका तरुणाला ताप आला. त्याचं रक्त एड्रियन स्टोक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका ऱ्हीसस माकडाला टोचलं. ऱ्हीसस म्हणजे उत्तर भारतात देवळाबाहेर प्रसाद पळवतं ते लाल तोंडाचं माकड. ते माकड मेलं. त्याच्यापासून दुसऱ्याला दिला, तेही मेलं.

हे वाचताना मी जरा थांबलो. शास्त्रज्ञांना हवा होता तो प्राणी मिळाला. पण भारतासाठी त्या मेलेल्या माकडांचा अर्थ वेगळा होता. मॅन्सन जे अंदाजाने म्हणत होता त्याचा हा पुरावा. आपल्याकडच्या ज्या जिवाने हा रोग कधी पाहिलेला नाही, त्याची त्याच्यासमोर काय गत होते ते डोळ्यांसमोर दिसलं.

असिबी बरा झाला. स्टोक्सला मात्र त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रयोगशाळेतच लागण झाली आणि तो गेला. १९२८ च्या मे महिन्यात अक्रा इथे जपानी शास्त्रज्ञ हिदेयो नोगुची गेला, आणि काही दिवसांतच त्याचा सहकारी विल्यम यंग. शेवटी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्रयोगशाळेत मॅक्स थेलर आणि मंडळींनी असिबीच्याच रक्तातला विषाणू कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत पुन्हापुन्हा वाढवून इतका मवाळ केला की तो शरीराला ओळख करून देतो पण आजारी पाडत नाही. १९३७ ची ही लस, नाव १७डी. थेलरला १९५१ चं नोबेल मिळालं. आजही जगात वापरल्या जाणाऱ्या पीतज्वराच्या लसी याच १७डीच्या पोटातल्या आहेत. म्हणजे आमच्या चौघांच्या दंडात जे गेलं त्याची वंशावळ घानाच्या त्या असिबीपर्यंत जाते.

वाटेत गोंधळही झाले. १९४२ मध्ये अमेरिकन सैनिकांना दिलेल्या लसीत मिसळलेल्या मानवी रक्तद्रवातून कावीळ पसरली, सुमारे ५०,००० सैनिक आजारी पडले. मग तो रक्तद्रव लसीतून काढूनच टाकला. लस अजूनही अंड्यांतच वाढवतात, त्यामुळे अंड्याची ॲलर्जी असेल तर केंद्रावर आधी सांगायचं. वय साठच्या वर असेल, गरोदरपण असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तरी आधी बोलायचं. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर हे लक्षात असू द्या.

पूर्वी या आंतरराष्ट्रीय पुस्तिकेत देवी आणि कॉलऱ्याच्या लसींच्या नोंदीही लागायच्या. कॉलऱ्याची अट १९७३ मध्ये गेली. देवीचा रोगच गेला, १९८० मध्ये तशी घोषणा झाली. पीतज्वर मात्र ठाण मांडून आहे, कारण तो आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलांतल्या माकडांत राहतो, आणि सगळी माकडं काही टोचता येत नाहीत.

"पण इतक्या वर्षांत एकदा तरी आलाय का आशियात?" आमचा मॅनेजवाला मित्र.

आलाय. अंगोलात २०१५ च्या डिसेंबरात मोठी साथ सुरू झाली. तिथे कामाला गेलेले चिनी लोक २०१६ मध्ये घरी परतले, आणि त्यांच्यापैकी ११ जणांना चीनमध्ये पोचल्यावर पीतज्वर निघाला. आशियात खात्रीने सापडलेले हे पहिले रोगी. पुढे पसरला नाही. शेजारच्या काँगोमध्ये लस एवढी अपुरी पडली की किन्शासात एका डोसचे पाच करून लाखो लोकांना द्यावे लागले. आशियात तो आजवर रुजला का नाही याबद्दल बरेच तर्क आहेत. डेंगी होऊन गेलेल्यांना थोडं संरक्षण मिळत असेल, आपल्याकडचा डास या विषाणूला तितकासा मानवत नसेल, वगैरे. पक्कं उत्तर अजून नाही. आणि पक्कं उत्तर नसताना प्रॉडक्शनवरची अट काढायची नसते :)

एजंटचा विषय पुन्हा निघाला नाही. चौघंही एकाच सकाळी जाऊन टोचून आलो. एकाला रात्री कणकण आली, बाकीच्यांचा दंड दुखला, संपलं.

आता बाकीच्या शीटबद्दल झटपट. शंभर वर्षांपूर्वी उष्ण देशात निघालेला साहेब तीन गोष्टी हमखास घ्यायचा. सोलार टोपी, कारण ऊन कवटीतून मेंदूत शिरतं असा समज. पोटाला गुंडाळायचा फ्लॅनेलचा पट्टा, कारण पोटाला गारवा लागला की कॉलरा होतो असा समज. आणि क्विनाइन. पहिल्या दोन्हींचा त्या रोगांवर काडीचा उपयोग नव्हता. उपयोग होता तो कडू क्विनाइनचा. १८५४ मध्ये बेकी नावाचा डॉक्टर सगळ्यांना ते रोज देत नायजर नदीतून आत गेला आणि त्याच्या जहाजावरचा एकही युरोपियन मेला नाही, तेव्हा ते सिद्ध झालं. आजच्या मलेरियाच्या गोळ्या वेगळ्या आहेत पण शिस्त तीच. त्या परत आल्यावरही काही दिवस घ्यायच्या असतात, कुठल्या गोळीला एक आठवडा, कुठल्या गोळीला चार. "आपल्याला मलेरियाची सवय असते" हे साफ चूक. आफ्रिकेतला मलेरिया बहुतांशी फाल्सिपॅरम जातीचा, मेंदूपर्यंत जाणारा. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य "मी आफ्रिकेतून आलोय" हेच सांगा.

मच्छरदाणी रात्री चावणाऱ्या मलेरियाच्या डासासाठी. पीतज्वर आणि डेंगीचा डास दिवसा चावतो, त्याला लांब बाह्या आणि अंगाला लावायचं मलम. दोन्ही हवंच.

आणि कार्ड हातात पडलं की केंद्रातून बाहेर पडण्याआधी तिथेच उभं राहून तपासा. नाव पासपोर्टातल्यासारखंच आहे ना, पासपोर्ट नंबर, लसीची तारीख आणि बॅच नंबर, डॉक्टरची सही, केंद्राचा शिक्का, आणि स्वतःची सही. ११ जुलै २०१६ पासून हे कार्ड जन्मभर चालतं, आधी दर दहा वर्षांनी पुन्हा टोचावं लागायचं. तेव्हा जुनं कार्ड कपाटात कुठे पडलं असेल तर शोधा, त्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी ते चालतं. कुठल्या देशांसाठी लागतं ती यादी मात्र बदलत असते, ती तिकीट काढण्याआधी एकदा बघून घ्या.